बोटवाल्या काकूंचं नको

सगळी इमारत काकूंना बोटवाल्या काकू म्हणायची आणि काकूंना ते मनापासून आवडायचं. बोट म्हणजे माणसांना पलीकडच्या काठावर सोडून परत येणारी बोट नव्हे, क्रूझ. दहा-बारा मजले, पोटात नाट्यगृह, दुकानं, पोहायचे तलाव आणि डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत खायला घालणारी माणसं. अशा पंचवीसेक सफरी काकूंच्या नावावर जमा होत्या. सुरुवातीच्या काही काकांबरोबर झाल्या, आणि काका गेल्यावरच्या सगळ्या काकूंनी एकटीनं केल्या.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर काकूंचा दरबार भरायचा. दरबाराचे कायमचे मानकरी दोन. एक निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या परदेशी जाणाऱ्या पत्रांवर शिक्के मारले आणि स्वतः कुठेच गेले नाहीत. दुसऱ्या वाचनालयवाल्या बाई. त्यांना समुद्राची धास्ती होती आणि म्हणूनच समुद्राच्या गोष्टी फार आवडायच्या. या दोघांना काकूंनी इतकं शिकवून ठेवलं होतं, की उद्या त्यांना कुणी बोटीवर नेऊन सोडलं असतं तरी ते तोंडावर आपटले नसते. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, तेव्हा लोहचुंबकाचे हुक न्यावेत, म्हणजे ओले कपडे, टोपी, पिशवी सगळं भिंतीला लागतं. बोटीच्या टोकाची केबिन घेऊ नये, पोट ढवळतं, मधली घ्यावी. लांबलचक बोळातल्या गालिच्यावर मासे विणलेले असतात, त्यांची तोंडं जिकडे, तिकडे बोटीचं नाक, हे ज्याला कळलं त्याला वाट विचारावी लागत नाही. आणि सकाळी उजाडायच्या आत तलावाकाठच्या खुर्चीवर टॉवेल नि पुस्तक टाकून जे नाश्त्याला जातात, त्यांच्याशी मैत्री करू नये.

"असली माणसं घरीसुद्धा तशीच वागत असणार," काकू म्हणायच्या. "स्वतः बसायचं नाही, पण दुसऱ्याला बसू द्यायचं नाही."

पोस्टमास्तर मान डोलवायचे आणि विचारायचे, "मग काकू, पुढची कधी?"

इथे काकूंची एक लकब सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. काकूंना कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात घेता यायची नाही. चहा असो, साडी असो की समुद्राची सफर असो, आधी नको म्हणायचं. मुलगा नवी सफर सुचवायचा, की काकू म्हणायच्या, "नको रे बाबा, आता पुरे झालं." मुलगा आग्रह करायचा. काकू म्हणायच्या, "उगीच खर्चात पडू नकोस, खरंच नको." मुलगा आणखी आग्रह करायचा. तिसऱ्यांदा काकू "नको म्हटलं ना" असं म्हणत चष्मा पुसायला घ्यायच्या, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून विचारायच्या, "बोटीवर जेवणाची पाळी पहिली आहे का दुसरी?" झालं, ठरली सफर. पुढे पुढे मुलगा आणि सून काकूंचे नकार मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन, की टाळ्या. काकू लटक्या रागानं त्यांच्याकडे बघायच्या. सगळ्या घराचा हा आवडता खेळ होता.

आता काकू इतक्या सफरी का करायच्या, त्याचं एक कारण त्या दरबारात सांगायच्या आणि एक स्वतःशीसुद्धा बोलायच्या नाहीत. सून घरूनच मुलांना गणित शिकवायची, समोर कॅमेरा ठेवून. त्यासाठी रस्त्याचा आवाज न येणारी आणि दार नीट लागणारी घरात एकच खोली होती, ती काकूंची. काकू समुद्रावर असल्या की सून तिथे बसायची. काकू परत आल्या की ती लॅपटॉप, दिवा, फळा असा सगळा संसार उचलून जेवणाच्या टेबलावर मांडायची आणि कुकरच्या शिट्ट्या सांभाळत अपूर्णांक शिकवायची. एका शब्दानं कधी बोलली नाही. पण काकूंच्या कपाटातले दोन कप्पे उत्तरपत्रिकांनी भरले ते भरलेच, आणि काकूंची बॅग अर्धी भरलेली पलंगाखाली पडून राहायची ती राहायचीच. आपली अडचण होते आहे हे कुणी सांगायच्या आत आपणच उठावं, हा काकूंचा स्वभाव. म्हणून त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या होत्या, "मला बाई घरात चार दिवस झाले की जीव गुदमरायला लागतो. बोटीवर पाय ठेवला की मोकळा श्वास." वाक्य छान जमलं होतं. ऐकणाऱ्यांना आवडायचं. मग काकूंनाही ते खरं वाटायला लागलं.

पण गेल्या सफरीत काहीतरी झालं होतं.

दुपारची वेळ होती. समुद्र अगदी शांत, उन्हात चकाकत पडलेला. काकू जेवून केबिनकडे निघाल्या. गालिच्यावरचे मासे बघत बघत, सरावाच्या पावलांनी त्या दारापाशी आल्या आणि त्यांनी चावीचं कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. हुकांच्या लोहचुंबकाजवळ राहिलं की कार्ड बिघडतं, हे त्यांनी किती नवख्यांना समजावलं होतं. आज आपणच फसलो म्हणून त्यांना हसू आलं. त्यांनी दारावर टकटक केली आणि म्हणाल्या, "अहो, उघडा ना. मी आहे."

आतून काही उत्तर आलं नाही. काकांना जेवणानंतर गाढ झोप लागते, म्हणून त्यांनी जरा जोरात वाजवलं. दार उघडलं ते एका उंच परक्या माणसानं. त्याच्या एका गालावर दाढीचा साबण होता.

"तुम्ही आमच्या केबिनमध्ये काय करताय?" काकूंनी त्याला दरडावून विचारलं. "आमचे हे कुठे आहेत?"

तो माणूस आधी हसला, मग हसायचा थांबला. त्यानं फोन केला. साफसफाई करणारी मुलगी आली, तिनं काकूंचं कार्ड बघितलं आणि त्यांचा हात धरून दोन मजले खाली त्यांच्या केबिनपाशी नेऊन सोडलं. जिन्यात काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या ज्या आकड्याच्या दाराशी उभ्या होत्या, तो आकडा काकांबरोबरच्या दुसऱ्या सफरीतल्या केबिनचा होता. बोटसुद्धा वेगळी होती ती. आणि काका जाऊन नऊ वर्षं होत आली होती.

चुकीचं दार कुणीही वाजवील, त्याचं काकूंना एवढं काही नव्हतं. त्या हादरल्या त्या दुसऱ्याच कारणानं. त्या दाराशी उभ्या असताना त्यांना काहीही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. उलट फार बरं वाटत होतं. दार उघडेल, काका जांभई देत म्हणतील, "चावी परत विसरलीस?", आणि आपण म्हणू, "नाही हो, कार्ड बिघडलंय." इतकं साधं, इतकं नक्की. असं पुन्हा झालं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही.

उरलेले दिवस त्यांनी पोट बिघडल्याची थाप मारून केबिनमध्ये काढले. जेवण आत मागवलं. बाहेर पडायचं म्हटलं की त्या बोळाकडे नुसत्या बघत राहायच्या. दोन्ही बाजूंना दारं, सगळी सारखी, आणि सगळ्या माशांची तोंडं एकाच दिशेला. घरी आल्यावर दरबारात त्यांनी सांगितलं, की इतकी सुंदर सफर आजवर झाली नव्हती.

घरात मात्र तसं काही झालं नाही. घरात अंधारातसुद्धा हात बरोबर बटणावर पडत होता. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं, बोट बंद. आता इथेच राहायचं, या चार भिंतींत. फक्त कारण कुणाला कळता कामा नये.

आणि पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला मुलानं केक कापून झाल्यावर पाकीट पुढे केलं. सगळ्या जगाला वळसा घालणारी चार महिन्यांची सफर, गॅलरीवाली केबिन. पोस्टमास्तर आणि वाचनालयवाल्या बाई यांना मुद्दाम बोलावलं होतं. पोस्टमास्तरांचे तर डोळेच भरून आले.

काकूंनी पाकिटाऐवजी केकची बशी हातात घेतली. त्या म्हणाल्या, "नको रे. आता पुरे."

"एक," मुलगा म्हणाला.

"खरंच नको. चार महिने म्हणजे फार झाले. मला इतके दिवस घर सोडून राहवणार नाही."

"दोन," सून म्हणाली आणि हसली. वाचनालयवाल्या बाईही हसल्या.

काकूंनी बशी खाली ठेवली. या वेळी खेळ नाही हे त्यांना कळावं म्हणून त्या एकेक शब्द सावकाश बोलल्या. "मी गंमत करत नाहीये. मला जायचं नाही."

"तीन," सगळे एकदम म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमास्तर म्हणाले, "आजचा नकार तर सगळ्यांत झकास जमला." काकूंचा चष्मा घामानं धुरकट झाला होता. तो त्यांनी काढला आणि पुसायला घेतला, तशी पुन्हा टाळ्या पडल्या. काकू हसल्या. दुसरं काय करणार? चेहऱ्यावर आणलेलं ते हसू पाहुणे जाईपर्यंत त्यांना काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. तो काकूंच्या खोलीच्या भिंती मोजत होता आणि सून त्याला कुठे स्पंज लावायचा ते दाखवत होती. काकूंना बघून ती जरा ओशाळली.

"आई, तुम्ही नसाल तेवढ्यात घरातला आवाज आत येणार नाही असं करून घेते. शाळेनं दुप्पट वर्ग दिलेत मला. तुम्ही आलात की हॉलमध्ये मस्त सोफा-कम-बेड घेऊ. तसंही तुम्ही असता किती दिवस?"

"मी म्हणते, या वेळी राहिलेच मी घरी तर?" काकूंनी जपून विचारलं. "मला आताशा घरात बरं वाटतं गं."

"आमची अडचण नको म्हणून बोलताय ना? मला कळत नाही का?" सुनेनं टेपचं टोक धरून ठेवत म्हटलं. "घरात तुमचा जीव गुदमरतो. तुम्हीच सांगत आलात. मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या आई म्हणजे पाखरू आहेत."

ती मनापासून बोलत होती, हीच पंचाईत होती. तिच्या बोलण्यात कुठे खोट असती तर काकूंनी भांडण तरी केलं असतं.

मग काकूंना डॉक्टर आठवले. इतक्या लांबच्या सफरीला तब्येत ठीक असल्याचा दाखला लागतो, आणि तो घरचे डॉक्टर द्यायचे. त्यांनी नाही म्हटलं की प्रश्न मिटला. कुणाचं मन मोडायला नको आणि त्या दाराची गोष्ट सांगायला नको. काकूंनी तयारीही कसून केली. दोन दिवस जेवणात वरून मीठ घेतलं. दवाखान्याचा जिना न थांबता चढल्या. रक्तदाबाचा आकडा व्हायचा तेवढा वर गेलाच.

डॉक्टरांनी पट्टा सोडला. "बसा जरा. धापा टाकत आलाय. पाणी प्या."

पाणी पिऊन झालं, आकडा शहाण्या मुलासारखा खाली आला. काकूंनी हाय खाल्ली नाही. "डॉक्टर, मला चक्कर येते."

"कधी?"

"रोजच. आणि विसरायला होतं. फार विसरायला होतं."

हे शेवटचं मात्र खरं होतं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि मिश्कील हसले. आजवर दर सफरीच्या आधी या बाईनं त्यांच्याकडे येऊन, गुडघा दुखत असला तरी दुखत नाही म्हणून सांगितलं होतं, वरचा आकडा जरा कमी लिहा म्हणून गळ घातली होती. डॉक्टरांनीही कानाडोळा केला होता.

"काकू, माझी परीक्षा घेताय का?" ते म्हणाले. "घाबरू नका, मी काही अडवणार नाही. विसरायचं म्हणाल तर परवा माझा चष्मा फ्रिजमध्ये निघाला, अंड्यांच्या शेजारी. तुमच्या वयाला तुमच्यासारखी तब्येत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही."

त्यांनी सही ठोकली. वर म्हणाले, "जाऊन या. आल्यावर गोष्टी सांगायला इथेच यायचं पहिलं."

काकू दाखला पर्समध्ये घालून जिना उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिल्या. जो तो त्यांच्या भल्यासाठी राबत होता. मुलगा हौसेनं, सून प्रेमानं, डॉक्टर मैत्रीपोटी, आणि सगळे मिळून त्यांना त्या बोळात ढकलत होते. आपल्याच तोंडानं बांधलेल्या गाठी, सोडवणार कोण? त्यांना रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

आठवडा राहिला. सून पलंगावर काकूंची बॅग उघडून बसली होती. प्रत्येक कपड्याची गुंडाळी करून ती कोपऱ्यात बसवत होती. काकूंनीच शिकवलेली रीत. ती सहज म्हणाली, "आई, या वेळी तुमची केबिन अगदी लांब बोळात आहे हं, पण गॅलरी मोठी आहे."

काकू तिच्याजवळ बसल्या. "हातातलं ठेव जरा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलं. कार्ड, लाल दिवा, गालावरचा साबण, सगळं. "मी तुझ्या सासऱ्यांना हाका मारत होते. दारात उभी राहून. मला वाटत होतं ते आत झोपलेत." एवढं सांगून त्यांनी बॅगेचं झाकण मिटलं. "मला तिथे एकटीला फार भीती वाटते गं. मला घरात राहू दे."

सून हसली नाही. तिनं आकडा मोजला नाही. हातातली गुंडाळी बाजूला ठेवून तिनं काकूंना जवळ घेतलं, लहान मुलाला घ्यावं तसं. "आधी का नाही सांगितलंत हो," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. त्या दिवशी काकूही पोटभर रडल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता.

संध्याकाळी मुलानं सफर रद्द केली. सुताराला फोन करून नको म्हणून सांगितलं. सुनेनं कपाटातल्या उत्तरपत्रिका काढून दोन्ही कप्पे पुसून दिले, आणि काकूंनी किती वर्षांनी तरी बॅग पार रिकामी केली. सून जेवणाच्या टेबलावर गेली, कायमची. खोली काकूंची झाली. काकू पलंगावर बसून आपल्या साड्यांच्या चळतीकडे बघत राहिल्या. हवं ते सगळं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बागेत जायला निघाल्या, तर दाराशी चपला नव्हत्या. मुलानं त्या वरच्या फडताळात ठेवल्या होत्या. "आता एकटीनं नाही हं आई," तो म्हणाला. "हिचा वर्ग संपला की ही येईल तुझ्याबरोबर." त्याच्या बोलण्यात इतकी माया होती, की काकूंना काही म्हणता येईना. पुढे गॅसच्या मुख्य खटक्याला कुलूप आलं. दारं आतून लावायची नाहीत, असं ठरलं. काकूंच्या गळ्यात एक गोफ आला आणि गोफात पत्ता लिहिलेलं पदक. मोठ्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या. ते म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, लक्ष ठेवा. मग काय, सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. काकूंनी मिठाचा डबा शोधायला दोन कपाटं उघडली, तरी मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायचे. पूर्वी अख्खं घर मिठाचा डबा शोधायचं आणि कुणाला काही वाटायचं नाही.

सून बरोबर असली की त्या बागेत जायच्या. पण दरबार मोडला होता. सुनेनं काळजीपोटी पोस्टमास्तरांच्या कानावर घातलं असावं, कारण ते आता काकूंशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे, आणि पुढची कधी म्हणून विचारायचे नाहीत. एकदा काकूंनी केबिनच्या पत्र्याच्या भिंतींची गोष्ट काढली. वाचनालयवाल्या बाई प्रेमानं म्हणाल्या, "हो हो, असतील," आणि सुनेकडे बघितलं. भिंती खरोखर पत्र्याच्या असतात. काकूंनी गोष्ट अर्ध्यावर सोडून दिली. उगाच एखादा तपशील चुकायचा.

त्या फार जपून वागायला लागल्या. नाव घेण्याआधी मनात एकदा म्हणून बघायच्या. जिन्यावर, आंघोळीत, घास घेतानासुद्धा स्वतःवर लक्ष ठेवून असायच्या. इतकं सावध राहायचं म्हणजे माणूस दिवसभर दमतं, आणि दमलं की चुकतं, आणि चुकलं की दोघं एकमेकांकडे बघतात.

एका संध्याकाळी वर्ग संपवून सून खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. काकूंचा हात तिनं आपल्या हातात घेतला. तिचा आवाज मऊ होता, आपल्या अगदी लहान विद्यार्थ्यांशी बोलताना असायचा तसा.

"आई, सांगा बघू, आज वार कोणता?"

काकूंना माहीत होतं. त्यांनी सकाळी पेपरात वाचलं होतं, दुपारी दूधवाल्याशी त्यावरून बोलणंही झालं होतं. या प्रश्नावर रागवावं, की हसून उडवून लावावं, की उलट तिलाच एखादं गणित घालावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण रागावलं तरी ते आजारातच धरतील, आणि थट्टा केली तरी आजारातच.

"गुरुवार," काकू म्हणाल्या, आणि बरोबर आहे का ते बघायला त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं.